सर अल्बर्ट हॉवर्ड आणि झाडांचे अन्न

इंदूर शहरात आज जे कृषी महाविद्यालय आहे, त्याच्या आवारात १९२४ साली एक संशोधन संस्था उभी राहिली. तिचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री. तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला आणि मध्य हिंदुस्थान व राजपुतान्यातील संस्थानांनीही आपापला वाटा उचलला. या संस्थेचे पहिले संचालक एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपोस्ट खत करण्याची जी रीत बसवली, ती इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली. केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि आसामातील चहाच्या बागांत इंदूरचे नाव पोहोचले ते या खतामुळे. सेंद्रिय शेतीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून ज्यांच्याकडे जग आज पाहते, त्या हॉवर्डांच्या आयुष्यातील फळाला आलेला काळ असा मराठी राजवटीच्या एका शहरात गेला.

हॉवर्डांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावाजवळ झाला. वडील शेतकरी. नांगर, गुरे, गवताच्या गंजी यांच्यात मुलगा वाढला. पुढे लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांच्या शेती खात्यात बुरशीरोगांचे तज्ज्ञ म्हणून बार्बाडोसला गेले. ऊस, कोको, आरारूट यांच्यावरील रोगांचा अभ्यास करावा आणि शेतकऱ्यांना उपाय सांगावेत, असे त्यांचे काम होते. पण जो उपाय सांगायचा तो स्वतः करून पाहायला त्यांच्यापाशी वीतभरही जमीन नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पान पाहायचे आणि ज्याच्या शेतातून ते आले त्याला चार शब्द शिकवायचे, हा प्रकार शेतकऱ्याच्या या मुलाला पटेना. ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली, आणि त्यांच्या पुढील साऱ्या वाटचालीची गुरुकिल्ली येथेच आहे असे मला वाटते.

१९०३ मध्ये ते इंग्लंडला परतले व वाय कॉलेजात हॉप नावाच्या वेलीवर काम करू लागले. बियरला कडवटपणा येतो तो या वेलीच्या मादी फुलोऱ्यामुळे. म्हणून शेतकरी नर वेली उपटून टाकत. हॉवर्डांनी दाखवून दिले की परागीभवन झालेली फुले लवकर वाढतात आणि रोगाला अधिक तोंड देतात. नर वेली पुन्हा लावल्या गेल्या. गोष्ट लहान, पण तिच्यात त्यांच्या विचाराचे बीज दिसते. रोग आला म्हणजे आधी रोगजंतूचा शोध घेण्याऐवजी, पिकाच्या स्वाभाविक जगण्यात आपण कोठे अडथळा आणला आहे, हे त्यांनी विचारले.

आता त्यांच्या सहधर्मचारिणीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिच्यावाचून हे चरित्र अर्धवट राहील. गॅब्रिएल मथाय यांचा जन्म १८७६ चा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना वर्गात बसू देई, परीक्षेला बसू देई, पण पदवीचा पूर्ण अधिकार देत नसे. तो १९४८ साली मिळाला. अशा परिस्थितीत या तरुणीने फ्रेडरिक ब्लॅकमन या संशोधकाबरोबर जे प्रयोग केले, त्यांचा उल्लेख वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आजही होतो. झाड आपले अन्न कसे तयार करते, हा त्या प्रयोगांचा विषय होता.

हा प्रश्न जुना आहे. झाड माती खाऊन वाढते अशी माणसाची समजूत हजारो वर्षे होती. सतराव्या शतकात फान हेल्मोंट या गृहस्थाने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घालून पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती मात्र अवघी दोन औंस घटली. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की झाड पाण्यापासून बनते. हे अनुमान अर्धेच खरे होते. हवेचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. तो विचार पुढे आणणाऱ्यांत तीन धर्मसेवक होते, हे या मासिकाच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. रेव्हरंड स्टीफन हेल्स या इंग्रज पाळकांनी १७२७ मध्ये, पाने हवेतून काही पोषण घेत असावीत असा तर्क लिहून ठेवला. जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकांनी १७७१ मध्ये, मेणबत्तीने दूषित झालेली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा शुद्ध होते असे दाखवले. १७७९ मध्ये इंगनहाउस या वैद्यांनी सिद्ध केले की हे कार्य घडायला सूर्यप्रकाश हवा आणि ते झाडाच्या केवळ हिरव्या भागात घडते. आणि जिनिव्हाचे पाळक झाँ सेनेबिए यांनी १७८२ मध्ये दाखवले की त्यासाठी हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लागतो. पान आपल्या सूक्ष्म रंध्रांतून कर्बवायू घेते, मुळे पाणी वर पाठवतात, पानातील हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश टिपते, आणि या तिहींतून साखर तयार होऊन प्राणवायू बाहेर पडतो. झाडाच्या देहाचे बहुतेक सारे वजन या साखरेतून उभे राहते.

गॅब्रिएल मथाय यांनी या क्रियेचा वेग मोजला. चेरी लॉरेल नावाच्या सदाहरित झुडपाचे एकेक पान काचेच्या बंद पेटीत ठेवून, पेटीचे तापमान आणि प्रकाश काटेकोरपणे सांभाळून, पान किती कर्बवायू शोषते याची त्या नोंद घेत. १९०४ व १९०५ मध्ये हे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांतून एक विलक्षण गोष्ट समोर आली. प्रकाश मंद असेल तर उष्णता वाढवूनही काही लाभ होत नाही. प्रकाश भरपूर असेल तर मात्र उष्णता वाढताच वेग वाढतो. म्हणजे ज्याची उणीव सर्वांत मोठी, तेच साऱ्या कार्याचा वेग ठरवते. सर्व गोष्टी मुबलक असून एकच अपुरी असेल तर बाकीच्यांची विपुलता वाया जाते. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेला मर्यादाकारक घटकांचा नियम याच मोजणीवर आधारलेला आहे. अन्न बनवण्याच्या कामात एक टप्पा प्रकाशाचा आणि दुसरा, प्रकाशावाचून चालणारा, रासायनिक क्रियेचा असला पाहिजे, ही पुढच्या संशोधकांची कल्पनाही येथूनच निघाली.

त्याच वर्षी, म्हणजे १९०५ मध्ये, हॉवर्ड यांची नेमणूक हिंदुस्थान सरकारचे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथील नव्या संशोधन संस्थेत झाली आणि त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएलशी विवाह झाला. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पानाचा श्वास मोजणारी ती विदुषी आता तिरहुतच्या शेतात उभी राहिली. पुढची पंचवीस वर्षे दोघांच्या नावांनी निबंध आणि पुस्तके निघत गेली. पाने काय करतात हे तिने पाहिले होते. मुळे काय करतात हा प्रश्न आता दोघांनी मिळून हाती घेतला.

पुसा येथे हॉवर्डांनी पहिली मागणी केली ती जमिनीची आणि स्वतःच्या बैलजोड्यांची. बार्बाडोसची बोच ते विसरले नव्हते. औषधफवारणी न करता शेती करायची आणि भोवतालचे शेतकरी काय करतात ते पाहायचे, असे त्यांनी ठरवले. आपल्याला दोनच गुरू लाभले, एक हिंदी शेतकरी आणि दुसरी पिकावरील कीड, असे ते पुढे सांगत. शेतकरी शहाणा आहे आणि कीड खोटे बोलत नाही, हा त्याचा अर्थ. ज्या काळात साहेब शिकवायला येत, शिकायला नव्हे, त्या काळात हे उद्गार धारिष्ट्याचे होते. मात्र हॉवर्ड आंधळे भक्त नव्हते. शेतकऱ्याची मिश्र पिके, कडधान्यांचा फेरपालट, खोल नांगरट टाळण्याची कारणे यांचा त्यांनी आदर केला. गोवऱ्या थापून शेण चुलीत घालण्याची चाल मात्र त्यांना खुपली, आणि त्यामागची लाचारीही त्यांनी ओळखली. जळणाला लाकूड नसेल तर त्या बाईने स्वयंपाक कशावर करावा?

गव्हाच्या देशी जातींतून निवड करून हॉवर्ड दांपत्याने पुसा ४ आणि पुसा १२ या जाती काढल्या. त्या उत्तर हिंदुस्थानात लाखो एकरांवर पसरल्या. एवढ्या एका कार्यावरही त्यांचे नाव राहिले असते. उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला जात आणि तेथे फळझाडे, पाणी वाचवून गहू घेण्याची रीत, फळांच्या पेट्या अशा कामांत गुंतत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते मुळांचे काम. पेरू, आंबा, लिची, आलुबुखार, सीताफळ अशा झाडांची मुळे पाण्याच्या धारेने माती धुऊन त्यांनी उघडी केली आणि ऋतूऋतूंत ती कशी वागतात ते पाहिले. पावसाळ्यात वरची मुळे काम करतात, कोरड्या दिवसांत खोल गेलेली. झाडाखाली गवत वाढू दिले तर कोवळी झाडे खुरटतात. गवत त्यांचे अन्नच पळवते असे लोक मानत, पण मुळांना हवा मिळेनाशी होणे हे मोठे कारण आहे असे या दोघांनी मांडले. १९२५ मध्ये रॉयल सोसायटीने हा निबंध छापला. पान हवेतून कर्बवायू घेते हे शाळेतला मुलगा सांगतो. मूळसुद्धा श्वास घेते, त्याला प्राणवायू लागतो, आणि तो नसेल तर खताच्या राशीत उभे असलेले झाडही उपाशी राहते, हे आपल्या ध्यानात सहसा येत नाही.

आम्ही राहतो त्या पाटनला (साताऱ्याचे पाटण नव्हे, हे जबलपूर जिल्ह्यातले, हिरन नदीच्या बाजूचे) हे समजावून सांगायला फार दूर जावे लागत नाही. या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला हवेली म्हणतात. पूर्वी येथे शेताला उंच बांध घालून पावसाचे सारे पाणी शेतातच तुंबवत. चार महिने शेत तळ्यासारखे भरलेले असे. तण बुडून कुजत असे. आश्विनाच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडले जाई, जमीन वाफशावर येई, तिला भेगा पडत, हवा आत शिरे, आणि मग गहू, हरभरा, मसूर पेरत. खत फारसे कोणी घालत नसे, तरी पिढ्यान् पिढ्या गहू पिकला. गेल्या शतकाच्या सत्तरीनंतर सोयाबीन आले, विहिरी व कूपनलिका आल्या, आणि हवेलीचे बांध मोडत गेले. आता हिवाळ्यात येथे हिरव्या वाटाण्याची शेते दूरवर दिसतात. वाटाण्याचे रोप हलक्या हाताने उपटले तर मुळांवर मोहरीएवढ्या गुलाबी गाठी दिसतात. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देतात आणि मोबदल्यात रोपाने पानांत केलेली साखर घेतात. हेलरीगल या जर्मन संशोधकाने १८८६ मध्ये हे उघड केले. हरभऱ्यानंतर गहू घ्यावा हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला त्यापूर्वीही ठाऊक होते.

पुसा संस्थेतील दिवस संपत आले तसे हॉवर्डांचे वरिष्ठांशी खटके वाढले. वनस्पतिशास्त्रज्ञाने गव्हाच्या जाती पाहाव्यात, मातीचे रसायनज्ञाने पाहावे, बुरशीचे बुरशीतज्ज्ञाने, किडीचे कीटकतज्ज्ञाने, अशी खात्यांची वाटणी होती. झाड मात्र एकाच वेळी या सगळ्यांत उभे असते. हे तुकडे जोडून एका शेतात एकत्र पाहता येईल अशी संस्था हवी म्हणून त्यांनी खटपट केली आणि तिला इंदूरला यश आले. येथे त्यांना त्यांच्या मनासारखे शेत मिळाले. माळव्याची काळी जमीन पावसात चिघळते आणि तिच्यात हवा राहत नाही. म्हणून त्यांनी पहिल्याने पाणी वाहून नेणारे चर काढले, जमिनीला उतार दिला. मग प्रश्न आला खताचा.

हा प्रश्न साधा नव्हता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० मध्ये सांगितले होते की झाड कुजलेला पाला जसाच्या तसा खात नाही. कर्ब ते हवेतून घेते आणि मातीतून केवळ विरघळलेले क्षार घेते. तेव्हापासून नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी शेतीशास्त्रावर राज्य करू लागली. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला, आणि महायुद्ध संपल्यावर दारूगोळ्यासाठी उभारलेले असे कारखाने खताकडे वळले. पण माळव्याच्या शेतकऱ्याने ते खत आणायचे कोठून आणि कशाच्या बळावर? शेण थोडे, त्यातलेही बरेचसे चुलीत. उलट कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा बांधावर जळत किंवा वाया जात.

हॉवर्डांनी चीनच्या शेतकऱ्यांविषयी वाचले होते. एफ. एच. किंग या अमेरिकन प्राध्यापकाने १९११ च्या पुस्तकात, चाळीस शतके तीच जमीन कसणारे हे लोक कसा प्रत्येक काडीकचरा कुजवून शेताला परत देतात, ते लिहून ठेवले होते. त्या कल्पनेला इंदूरला शास्त्रीय शिस्त दिली गेली. या कामी हॉवर्डांचे प्रमुख सहकारी होते रसायनज्ञ यशवंत वाड. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याविषयीचे जे पुस्तक काढले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. हॉवर्डांची कीर्ती सांगणारे लोक वाडांचे नाव बहुधा गाळतात, याची खंत वाटते. नत्राचे प्रमाण मोजून, उष्णतेच्या नोंदी ठेवून ही पद्धत आकाराला आणण्यात त्यांचा हात मोठा होता.

पद्धत अशी. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन ते तीन फूट खोल, उतरत्या बाजूंचे खड्डे खणायचे. नाना प्रकारचा वाळलेला काडीकचरा एकत्र मिसळायचा. एकाच प्रकारचा नको. पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक, त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून इंदूरला त्या संस्थेच्या रस्त्यांवर अंथरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. यंत्र नको, खर्च नको. हा कचरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा म्हणजे मूत्र त्यात मुरते. मग खड्ड्यात त्याचा थर, त्यावर शेणाचा काला, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. पुन्हा कचरा, पुन्हा शेण. पाणी इतकेच की ओल राहावी आणि चिखल होऊ नये. काही दिवसांतच राशीचे तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि त्या आचेत तणांचे बी व माश्यांच्या अळ्या मरतात. प्रथम बुरशी काम करते, नंतर जीवाणू. त्यांनाही श्वासाला हवा लागते, म्हणून तीन महिन्यांत तीन वेळा रास उलटायची. सुरुवातीला ३३ भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण साधले तर तीन महिन्यांच्या शेवटी काळसर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते. पानांनी हवेतून बांधलेला कर्ब मातीत उतरतो तो असा, अगणित सूक्ष्म जीवांच्या हातून.

काम रंगात आले असतानाच घरावर घाला आला. १८ ऑगस्ट १९३० रोजी जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. त्यांची बहीण लुईस त्याच शहरात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत शेतीविषयक काम पाहत असे. पाव शतक ज्या टेबलावर दोघांनी एकत्र लिहिले त्याची एक बाजू रिकामी झाली. हॉवर्डांनी १९३१ मध्ये इंदूर सोडले आणि निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले. त्याच वर्षी त्यांनी लुईस यांच्याशी विवाह केला.

निवृत्तीनंतर माणूस मंदावतो. हॉवर्डांचे उलटे झाले. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. इंदूर पद्धतीचा प्रसार करत ते पत्रे लिहीत राहिले, व्याख्याने देत राहिले. १९३५ मध्ये महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनीही ही संस्था पाहिली व कंपोस्टचे काम समजून घेतले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात हॉवर्ड हिंदुस्थान व सिलोनच्या चहामळ्यांत फिरले. तेथे त्यांनी चहाची मुळे तपासली आणि एका नव्या गोष्टीने त्यांना झपाटले. मुळांत बुरशीचे तंतू राहतात. ते मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मातीतही दूरवर पसरतात. या जोडीला मायकोरायझा म्हणतात. ह्यूमस असलेल्या जमिनीत ही जोडी भरभरून दिसे, नुसत्या रासायनिक खताच्या जमिनीत विरळ. हॉवर्डांनी मानले की माती आणि झाड यांच्यामधला हा जिवंत पूल आहे. बुरशीला मूळ पचवते आणि तिच्यातून तयार प्रथिने मिळवते. हा पूल तुटला की झाड रोगी होते, ते खाणारे जनावर रोगी होते, आणि शेवटी माणूस.

१९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक निघाले : अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट. बायबलच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला हे नाव वाचून थबकायला होते. ज्या ग्रीक शब्दाला आपण करार म्हणतो त्यातच मृत्युपत्र हाही अर्थ आहे, आणि इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक या दोन्ही अर्थांचा उपयोग करतो. हॉवर्डांचे टेस्टामेंट दुसऱ्या अर्थाचे, सहासष्ट वर्षांच्या माणसाने मागे ठेवलेले. ते त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीला अर्पण केले आहे.

पुस्तकाने मित्र जोडले तसे शत्रूही. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी ते वाचून १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांनी १९४३ मध्ये जिवंत मातीवर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये सॉईल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. उलट शास्त्रज्ञांपैकी अनेकांनी हॉवर्डांना हेकट आणि प्रचारकी ठरवले.

कोण बरोबर होते? आज, इतक्या वर्षांनी, पक्षपात न करता पाहता येते. झाड कुजका पाला खात नाही, विरघळलेले क्षार घेते, हे लीबिगचे म्हणणे खरेच आहे. कंपोस्टमधला नत्रसुद्धा सूक्ष्म जीवांनी मोकळा केल्यावरच मुख्यतः मुळांत जातो, आणि तेथे पोहोचल्यावर तो शेणाचा की कारखान्याचा, हे मुळाला कळत नाही. कारखान्यातील नत्रावाचून आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांना पोटभर अन्न मिळाले नसते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हॉवर्डांनी रासायनिक खताची निंदा करताना ही भूक जमेस धरली नाही. पुसा येथे त्यांच्या बैलांनी कुंपणावरून लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांशी नाकाला नाक घासले आणि तरी त्यांना रोग झाला नाही, ही गोष्ट ते वारंवार सांगत. पण ते निरीक्षण होते, प्रयोग नव्हता. चांगल्या चाऱ्याने हा रोग अडत नाही, लस टोचावी लागते. बुरशी पचवून प्रथिने मिळतात ही त्यांची कल्पनाही तशी उरली नाही.

आणि तरी मूळ गोष्ट त्यांनी बरोबर पाहिली होती. पृथ्वीवरील बहुतांश वनस्पतींच्या मुळांशी बुरशीची ही जोडी असते हे आता निर्विवाद आहे. ती बुरशी मुळांना जेथे पोहोचता येत नाही तेथून स्फुरद आणि पाणी आणून देते, आणि झाड आपल्या पानांत केलेल्या साखरेचा एक भाग तिला देते. स्फुरदयुक्त खत भरमसाट घातले तर ही देवघेव मंदावते, हेही प्रयोगांनी दिसले आहे. सेंद्रिय द्रव्य संपलेली जमीन घट्ट होते, पाणी धरत नाही, हवा धरत नाही. आणि मग, ज्याची उणीव सर्वांत मोठी तेच मर्यादा घालते हा केंब्रिजच्या पानांवर मोजलेला नियम, गोणीभर युरिया ओतूनही न वाढणाऱ्या पिकाला लागू पडतो. गॅब्रिएल यांच्या त्या नियमाकडे हॉवर्डांच्या विरोधकांनी, आणि कधीकधी खुद्द हॉवर्डांनीही, पुरेसे लक्ष दिले नाही असे वाटते.

आपल्या देशात इंदूर पद्धतीला पुढे भावंडे झाली. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास, रास न उलटता शहरातील कचरा कुजवण्याची रीत बसवली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची युक्ती काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात, आणि महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात अशी टाकी अनेक गावांतून आढळतात. उलटण्याची मेहनत हा इंदूर पद्धतीचा दोष होता, आणि मजुरी वाढत गेली तसा तो अधिकच जाणवला. विटांना ठेवलेल्या भोकांतून हवा आपोआप आत जाते, म्हणून नाडेपमध्ये ती मेहनत वाचते.

पुसा येथील मूळ संस्थेच्या इमारती १९३४ च्या बिहार भूकंपात कोसळल्या आणि ती संस्था १९३६ मध्ये दिल्लीला हलवण्यात आली. दिल्लीतील त्या परिसराला लोक आजही पुसाच म्हणतात. सर अल्बर्ट हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे निवर्तले. ज्या देशात त्यांनी सव्वीस वर्षे काढली, तो स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. १९५३ मध्ये लेडी लुईस हॉवर्ड यांनी त्यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. गव्हाच्या जातींपासून खताच्या खड्ड्यांपर्यंतची जी हकीकत त्यांनी त्यात क्रमवार सांगितली, तिच्यातील पंचवीस वर्षे त्यांच्या पतीइतकीच त्यांच्या बहिणीचीही होती.